आधी माप, मग फ्रेम

पालघर स्टेशनातून मनोरच्या दिशेने निघालं की गाव मागे पडतं न पडतं तोच वाघोबा खिंडीचा चढ सुरू होतो. उलट दिशेला माहीम-केळव्याकडे वळलं तर तासाभरात सायकल पुळणीवर पोचते. बोईसरचंही तसंच. पश्चिमेला एमआयडीसी ओलांडली की चिंचणी, तारापूर, नांदगावचा किनारा. पूर्वेला असावा गडाचा डोंगर, वारंगड्याकडची रानवाट, पुढे चिल्हार फाट्याचा रस्ता आणि सूर्या नदीचं खोरं. ओली वाळू, खाजणाचा बांध, भातखाचरांमधली वाट, मुरूम, सागाच्या पानांनी झाकलेली पाऊलवाट आणि डांबरी घाट हे सगळं एका सकाळच्या फेरीत बसेल असा मुलूख महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही.

या मुलखाला कोणती सायकल हवी, हे सांगणं अवघड नाही. हलकी आणि पुढच्या चिमट्याला १०० ते १२० मिलिमीटर हालचाल असलेली माऊंटन बाइक. इंग्रजीत हिला क्रॉसकंट्री म्हणतात आणि ऑलिंपिकमध्ये १९९६ च्या अटलांटापासून जी माऊंटन बाइकची शर्यत होते ती याच जातीच्या सायकलींची. अवघड आहे ते ती मिळवणं. पालघर-बोईसरच्या बाजारात ती उभी दिसत नाही, विरार-ठाण्याला गेलं तर एखादी दिसते पण आपल्या मापाची नसते, आणि मागवायची म्हटली तर कधी येईल ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही. त्यामुळे इथे सायकल निवडण्याचा प्रश्न वेगळाच होतो. पाच चांगल्यांतली सर्वांत चांगली कोणती, हा प्रश्न इथे कोणाला पडत नाही. समोर असलेल्या दोन-तीन अपुऱ्या सायकलींपैकी कोणती पुढे सुधारत नेता येईल आणि कोणतीला हात लावू नये, एवढंच ठरवायचं असतं. हा लेख त्यासाठी.

आधी इथल्या दुकानांत काय असतं ते पाहू. मुलांच्या सायकली, शाळेत जाणाऱ्यांच्या साध्या सायकली, एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांच्या कॅरिअर लावलेल्या काळ्या सायकली आणि या सगळ्यांच्या पुढे, दाराशी, चकचकीत ‘डबल शॉकर’. जाड नळ्या, मागे एक उघडी स्प्रिंग, पुढे जाडजूड शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क, हँडलवर २१ गिअरचा कागद चिकटवलेला. वजन सतरा-अठरा किलो. नवशिक्याची नजर तिच्यावरच जाते. माझं स्पष्ट मत आहे की रानवाटेवर चालवायची असेल तर ही सायकल घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी. त्या मागच्या स्प्रिंगला धक्का शोषून परत येण्याचा वेग आवरणारी काही यंत्रणाच नसते. ती दबते आणि उसळते. चढावर पेडल मारताना पायातली बरीच ताकद ती खाते, उतारावर चाक जमिनीवर टिकवून ठेवण्याऐवजी उडवते. शिवाय सांध्यांमधल्या बुशिंग एका पावसाळ्यात ढिल्या होतात.

दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याचं गिऱ्हाईक तेच मागतं, आणि लाखाच्या घरातली एक सायकल दाराशी वर्षभर उभी ठेवणं त्याला परवडणारं नाही. मालाची साखळीही लांबलचक आहे. भारतात सायकली प्रचंड बनतात. लुधियानाची हीरो सायकल्स १९५६ पासून बनवते आहे. पण हलक्या माऊंटन बाइकची फ्रेम, हवेचा चिमटा, बारा गिअरचा संच यांतलं बहुतेक सगळं तैवान, चीन, जपान, मलेशिया, इंडोनेशिया इथून येतं. तयार सायकलीवरचं आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पाने ३० वरून ३५ टक्क्यांवर नेलं. आयातदार मग मोजकाच माल आणतो, त्यात मधली मापं जास्त आणि टोकाची मापं नावापुरती. २०२० ते २०२२ या करोनाच्या काळात तर जगभरच सायकलींचा दुष्काळ होता. शिमानोचे सुटे भाग मागवले तर वर्षाच्या पुढची तारीख मिळे. नंतर चित्र पालटलं, युरोप-अमेरिकेत गोदामं तुंबली, पण आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला त्यातून मिळालं ते एवढंच की काही जुन्या वर्षांची मॉडेलं सवलतीत निघाली, तीही जी मापं उरली होती तीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याने किंमत थोडी उतरते. माप मिळत नाही ते नाहीच.

टंचाईतूनच ही जात जन्माला आली, हे इथे सांगायला हवं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण डोंगरउतारावर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, जाड टायरच्या जुन्या सायकली दामटत. १९७६ साली त्यांनी रिपॅक नावाच्या उतारावर शर्यत सुरू केली. मागच्या हबमधला ब्रेक एका उतारातच इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. नाव त्यावरून पडलं. त्या जुन्या फ्रेम मोडत आणि नवीन मिळत नसत. म्हणून जो ब्रीझने १९७७ साली क्रोमोली पोलादाच्या नळ्या जोडून मुद्दाम या कामासाठी फ्रेम बनवली. १९७९ च्या सुमारास टॉम रिची फ्रेम बनवू लागला आणि गॅरी फिशर व चार्ली केली त्यांवर सायकली बांधून विकू लागले. बाकीचे भाग त्यांनी मिळतील तिथून गोळा केले: ब्रेकचे लिव्हर मोटारसायकलचे, गिअर लांब पल्ल्याच्या टूरिंग सायकलींचे. चांगली फ्रेम आधी आणि बाकीचं जमेल तसं, ही रीत तिथपासूनची आहे.

आता वजनाचं बोलू, कारण ‘हलकी’ हा शब्द फार पैसे खातो. समजा ६८ किलोचा माणूस १२ किलोच्या सायकलवर १०० मीटर उंची चढतो आहे आणि पायातून सातत्याने १५० वॉट काढतो आहे. हवा आणि घर्षण बाजूला ठेवलं तर त्याला ५२३ सेकंद लागतील. तोच माणूस १७ किलोच्या सायकलवर बसला तर ५५६. पाच किलोंचा फरक, आणि वेळ वाचला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. शर्यत जिंकायची असेल तर अर्धं मिनिट खूप आहे. रविवारी सकाळी काळदुर्गाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं असेल तर नाही. मग हलकेपणाचा उपयोग काय? तो कळतो सायकल उचलावी लागते तेव्हा. खाजणाचा फुटलेला बांध, रानात आडवं पडलेलं झाड, ओढ्यातले गोटे, रेल्वेचा पादचारी पूल, बोईसरच्या इमारतीचा तिसरा मजला. आणि कळतो वळणावर, पुढचं चाक दगडावरून उचलून पलीकडे टाकताना. तिथे दर किलो जाणवतो. म्हणून मी म्हणेन की बारा-तेरा किलोपर्यंत यावं आणि तिथे थांबावं. पुढचा प्रत्येक किलो काढायला पैसे दुपटीने लागतात. कार्बनची फ्रेम, कार्बनची चाकं लावून सायकल दहा किलोच्या खाली जाते हे खरं, पण तेवढ्या पैशांत इथल्या माणसाला एक चांगली ॲल्युमिनियमची सायकल, तिची पाच वर्षांची देखभाल आणि घरातल्या दुसऱ्या कोणासाठी आणखी एक सायकल मिळते.

वजन काढायचं तर ते आधी चिमट्यातून आणि चाकांतून काढावं. साध्या सायकलीला जो स्प्रिंगचा चिमटा येतो, सनटूर एक्ससीएम किंवा त्याच्या जातीतला, तो एकटाच अडीच किलोच्या वर असतो. शर्यतीचा हवेवर चालणारा रॉकशॉक्स सिड एसएल दीड किलोच्या आत. मधल्या दर्जाचे हवेचे चिमटे, सनटूरचा रेडॉन किंवा एपिक्सॉन, रॉकशॉक्सचा जूडी, रेकॉन, रीबा, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात आणि आपल्यासाठी तेच योग्य.

पण हवेच्या चिमट्याचं खरं मोल वजनात नाही. स्प्रिंग कारखान्यात एकाच कडकपणाची बसवलेली असते आणि ती भरल्या अंगाच्या माणसाचा हिशोब धरून बसवलेली असते. आपल्याकडचा पंचावन्न-साठ किलोचा मुलगा तिच्यावर बसला तर ती नीट दबतच नाही. कागदावर १०० मिलिमीटर आणि प्रत्यक्ष रानात पन्नास-साठ. उरलेलं ओझं म्हणून वागवायचं. त्या अंगयष्टीच्या मुलींना तर असा चिमटा म्हणजे सरळ लोखंडी दांडाच. हवेच्या चिमट्यात छोट्या शॉक पंपाने आपल्या वजनाइतकी हवा भरता येते. सायकलवर बसल्यावर चिमटा पंधरा ते वीस टक्के दबला पाहिजे, म्हणजे १०० मिलिमीटरच्या चिमट्यात १५ ते २० मिलिमीटर. चिमट्याच्या पायावरची रबरी रिंग खाली सरकवून हे घरच्या घरी मोजता येतं. दुकानात सायकल पाहताना हीच चाचणी करावी. दुकानदाराकडे शॉक पंप नसेल तर ती सायकल त्याने कधी नीट लावून पाहिलेली नाही, हे समजून घ्यावं.

आणि १०० पुरतात का? पुरतात. मोठ्या उड्यांसाठी, उभ्या कड्यांवरून उतरण्यासाठी १४०-१६० मिलिमीटरच्या सायकली असतात. आपल्या वाटा पाड्यांना जोडणाऱ्या आहेत. माणसांनी, गुरांनी, लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्या बायकांनी पाडलेल्या. त्या चढाला वळसा घालतात, दगड टाळतात. तिथे लांब चिमटा चढावर पुढचं चाक उचलायला लागतो आणि सपाटीवर आळशी वाटतो. तांदुळवाडी किंवा अशेरीगडासारख्या किल्ल्यांच्या वरच्या टप्प्यांत तर कोणतीच सायकल चालत नाही. तिथे ती पायथ्याला ठेवून चालत जावं.

मग आता माप, ज्यावर मी सर्वांत जास्त हट्ट धरीन. टंचाईत हमखास घडणारी गोष्ट ही की दुकानात एकच चांगली सायकल असते आणि ती एक माप मोठी असते. दुकानदार सीट खाली करून देतो, “बसा भाऊ, पाय टेकतात की,” आणि पाय टेकतातही. पण सीट खाली केल्याने फ्रेम लहान होत नाही. बघायचं असतं ते रीच, म्हणजे पेडलच्या धुऱ्याच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. पाच फूट चार इंचांच्या माणसाला ते साधारण ४०० ते ४२० मिलिमीटर हवं. स्टेम बदलून एक-दोन सेंटिमीटर सुधारता येतात, त्यापलीकडे नाही. मोठी सायकल डांबरावर खपून जाते. मुरुमाच्या उतारावर हात ताणलेले असले की पुढचं चाक आपल्या ताब्यात राहत नाही. पडणं तिथे होतं. उभं राहिल्यावर वरची नळी आणि जांघ यांत दोनेक इंच मोकळी जागा हवी, उतारावर घाईने पाय टेकावा लागतो तेव्हा तिचं महत्त्व कळतं. माप नसेल तर रिकाम्या हाती परत यावं. दोन मापांच्या मध्ये अडकलेल्यांनी रानवाटेसाठी लहान बाजूचं घ्यावं आणि पाच फूट तीन इंचांच्या खालच्यांनी २९ इंची चाकांचा मोह न धरता २७.५ ची चाकं पाहावीत. यात कमीपणा काही नाही. २०१२ साली नीनो शुर्टरने दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गची वर्ल्ड कप शर्यत २७.५ च्या चाकांवरच जिंकली होती. अनेक कंपन्या लहान मापाच्या फ्रेमला आपणहून तीच चाकं लावतात.

मापानंतर फ्रेम. समजा माप जुळलं, पण सायकलीला स्प्रिंगचा चिमटा आहे आणि आत्ता हवेचा परवडत नाही. घ्यावी का? इथे फ्रेम वाचता यायला हवी. पुढची, हँडलखालची नळी खाली रुंद होत जाते का, हे आधी पाहावं. खाली दीड इंच आणि वर एक पूर्णांक एक अष्टमांश, अशी निमुळती नळी असेल तर पुढे चांगला हवेचा चिमटा बसतो. सरळ नळीच्या फ्रेमला बसणारे हवेचे चिमटे आता दुर्मीळ आहेत, आणि जे आहेत ते जुने. मग मागचा हब. मागच्या चाकाला आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा जाड ॲक्सल आणि १४८ मिलिमीटरची रुंदी असेल तर आजची बहुतेक चांगली चाकं त्यात बसतील. जुन्या १३५ मिलिमीटरच्या क्विक रिलीजचीही सायकल वाईट नाही, फक्त पुढे चाकं बदलताना हात बांधलेले राहतात. पेडलच्या धुऱ्याचा सांधा आट्यांचा असावा, दाबून बसवलेला नको. आट्यांचा सांधा बोईसरचा कोणताही जाणता मिस्त्री खोलू शकतो, दाबून बसवलेल्याला वेगळी हत्यारं लागतात आणि पावसाळ्यानंतर तो कुरकुरतो. या तीन गोष्टी ठीक असतील तर चिमटा, गिअर, ब्रेक, सगळं एकेक करून बदलता येतं. त्या चुकीच्या असतील तर पुढची प्रत्येक सुधारणा वाया जाते.

चिमटा बदलताना एक भान ठेवावं. वाढवलेल्या दर २० मिलिमीटरला सायकलीचा पुढचा कोन साधारण एका अंशाने पडतो आणि पुढून सायकल वर येते. १०० साठी बनवलेल्या फ्रेमला १२० चालतो का, हे कंपनीने लिहिलेलं असतं. १४० लावणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नये, हँडलखालच्या वेल्डवर त्याचा ताण येतो.

गिअरच्या बाबतीत जाहिराती एक म्हणतात आणि इथली परिस्थिती दुसरं. जाहिरातीतली सायकल पुढे एकच चकती, मागे बारा, सर्वांत मोठी ५१ दातांची. पुढे ३२ आणि मागे ५१, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक ०.६३ फेरे फिरतं. जुन्या तीन चकत्यांच्या सायकलीत पुढे २२ आणि मागे ३४ लावले तर ०.६५. चढावर दोन्ही जवळपास सारख्याच. एका चकतीचे फायदे खरे आहेत: वजन कमी, चेन सहसा उतरत नाही, हँडलवर गर्दी नाही. पण बारा गिअरची चेन तुटली तर ती पालघरात मिळेलच याची खात्री नाही, आणि आठ-नऊ गिअरची मिळते. मधला मार्ग चांगला आहे. पुढे एक चकती, मागे नऊ किंवा दहा गिअर, शिमानो क्यूज किंवा मायक्रोशिफ्ट ॲडव्हेंटसारखा संच. क्यूजच्या चकत्या तर मुद्दाम जास्त टिकाव्यात म्हणून जाड दातांच्या बनवल्या आहेत. जिथे सुटा भाग कुरिअरने येतो तिथे टिकाऊपणा हाच हलकेपणाहून मोठा गुण.

त्याच हिशोबाने ब्रेक. हायड्रॉलिक डिस्क घ्यावेत, आणि शक्यतो मिनरल ऑइलचे. त्या तेलाची बाटली वर्षभर घरात ठेवता येते आणि रंगावर सांडलं तरी नुकसान नाही. डॉट तेल हवेतला ओलावा ओढतं, आणि समुद्रकाठच्या जुलैत हवेत ओलाव्याशिवाय दुसरं काय असतं?

चाकांवर थोडे पैसे घातले तर सर्वांत जास्त फरक कळतो. स्वस्त सायकलीला तारेच्या कडेचे टायर येतात, एकेक आठ-नऊशे ग्रॅम आणि आत दोनशे ग्रॅमची ट्यूब. घडी होणारे टायर आणि ट्यूबलेस लावले की दोन्ही चाकं मिळून अर्धा किलोहून जास्त सहज उतरतं, तेही फिरत्या कडेवरून. पण मी ट्यूबलेस सुचवतो ते काट्यांसाठी. बोर, बाभूळ, करवंद, बांधावर अंथरलेल्या काटेरी फांद्या; इथली वाट पंक्चरांची आहे. आतला द्रव बारीक छिद्र जागेवर बुजवतो. उन्हाळ्यात तो दोन-तीन महिन्यांत सुकतो, तेव्हा पुन्हा ओतावा लागतो. आणि हवा कमी ठेवावी. पंक्चरवाला सवयीने टायर दगडासारखा करून देतो. साठ किलोच्या माणसाला सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये २०-२२ पीएसआय पुष्कळ. पुळणीवर आणखी थोडी कमी. मोठ्या भरतीला इथे पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे ओहोटीला जी घट्ट वाळू उघडी पडते ती लांबच लांब आणि सपाट असते. त्यावर कमी हवेचा टायर सुरेख चालतो. कोरड्या, भुसभुशीत वाळूत कोणताही चालत नाही.

त्या वाळूचं मोल मात्र घरी आल्यावर मोजावं लागतं. मीठ चेन खातं, स्पोकच्या निपल्स गंजवतं, बोल्ट धरून ठेवतं. सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. जोराचा फवारा छर्ऱ्यांच्या जागी मारू नये, तो मीठ आत ढकलतो. पुसून, वाळवून तेल द्यावं.

म्हणूनच दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेल्या हलक्या सायकलींबद्दल माझं मत इथल्यापुरतं प्रतिकूल आहे. सायकली अप्रतिम आहेत. ट्रेकच्या सुपरकॅलिबरने २०१९ मध्ये मागे फक्त ६० मिलिमीटर देऊन दाखवलं की एवढ्यानेही मागचं चाक जमिनीला धरून राहतं; स्कॉटची स्पार्क, स्पेशलाइज्डची एपिक, जायंटची अँथम या ऑलिंपिक-वर्ल्ड कपच्या सायकली. शुर्टरने २०१६ च्या रिओतलं सुवर्ण स्पार्कवरच मिळवलं. पण प्रत्येक सांध्यात बेअरिंग, मागच्या शॉकचा स्वतःचा सर्व्हिसचा हिशोब, पुढच्या चिमट्याच्या खालच्या भागाचं दर ५० तासांनी तेल बदलणं. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्यावर खारा वारा. जवळ सस्पेन्शनचा जाणकार मिस्त्री नसताना अशी सायकल दोन वर्षांत खिळखिळी होते. कंबरेचं दुखणं असेल, लांब शर्यती करायच्या असतील आणि पुणे-मुंबईत सर्व्हिसला पाठवायची तयारी असेल तर जरूर घ्यावी. बाकीच्यांनी मागून कडक, पुढून १०० ची हार्डटेल. मागच्या धक्क्यासाठी आपले गुडघे आहेतच, आणि ते वापरायला शिकणं हे पुढच्या कोणत्याही सायकलीवर कामी येतं.

नवीन मिळत नसली की माणूस जुनीकडे वळतो, आणि इथे या पट्ट्याचं एक भाग्य आहे. तारापूरची पहिली दोन अणुवीज युनिटं १९६९ मध्ये सुरू झाली. औद्योगिक वसाहत वाढत गेली तशी इथे धातू ओळखणारी माणसं घरोघरी आली. फिटर, वेल्डर, इन्स्पेक्टर. जुनी फ्रेम घेताना अशा एखाद्या माणसाला सोबत न्यावं. ॲल्युमिनियम थकतं. पोलादाला एका ताणाच्या खाली कितीही वेळा वाकवलं तरी ते टिकतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित खालची मर्यादा नाही, छोटे धक्केही साठत जातात. हँडलखालच्या नळीचा वेल्ड, सीटच्या नळीचा वरचा सांधा, पेडलच्या धुऱ्यामागचा भाग इथे केसासारखी रेघ दिसते का पाहावं. रंगाची चीर आणि धातूची चीर यांत शंका आली तर तेवढ्या जागेचा रंग काढून डाय पेनिट्रंटची चाचणी करता येते, कारखान्यात वेल्ड तपासायला जी करतात तीच: लाल द्रव, पुसणं, पांढरी पूड. चीर असेल तर लाल रेघ उमटते. रंगावरून केली तर ती काहीच सांगत नाही.

आणि चीर निघाली तर? एमआयडीसीत टिग वेल्डिंग करणारे उत्तम हात आहेत, त्यामुळे “करून देतो” असं कोणीतरी म्हणणारच. क्रोमोलीची फ्रेम असेल तर खुशाल करून घ्यावी. ती किलोभर जड असते, पण दुरुस्त होते, आणि या कारणासाठी मी तिला इथे जास्त मान देतो. ॲल्युमिनियमची करू नये. बहुतेक फ्रेम ६०६१ या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांची ताकद वेल्डनंतर भट्टीत दिलेल्या उष्णताप्रक्रियेतून आलेली असते. नुसता वेल्ड मारला की त्याच्या आजूबाजूची ताकद जवळपास निम्म्यावर येते. वरून सांधा सुंदर दिसेल, आणि तो शेजारी तुटेल, बहुधा उतारावर.

मुंबई-ठाण्याहून सायकल आणायची तर ती खोक्यात, अर्धी जोडलेली मिळते. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आल्यापासून विरारच्या पुढची ये-जा सोपी झाली आहे, तरी एवढं खोकं न्यायचं तर पार्सल ऑफिसात रीतसर विचारून न्यावं. घरी आल्यावर स्टेम आणि हँडलचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत. बहुतेकांवर न्यूटन मीटरचे आकडे छापलेले असतात, साधारण ५. तारापूरच्या कोणत्याही देखभाल विभागात काम करणाऱ्या मित्राला हे समजावून सांगावं लागणार नाही. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचा आउट पुन्हा काढून घ्यावा, नवीन स्पोक बसतात तसे ढिले होतात.

सायकल घेतानाच एक छोटा तुकडा जास्तीचा घ्यावा: गिअरचा हँगर, ज्यावर मागचा डिरेलर लटकतो. सायकल उजव्या बाजूला पडली की फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम वाकतो किंवा मोडतो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा. पाच-सातशे रुपयांच्या त्या तुकड्यासाठी साठ-सत्तर हजारांची सायकल इथे महिना-महिना भिंतीला टेकून राहते. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने त्यासाठी बनवलेल्या कोणत्याही फ्रेमला चालेल असा एकच हँगर, यूडीएच, आणला आणि अनेक कंपन्यांनी तो स्वीकारला आहे. दोन सारख्या सायकलींत निवड करायची असेल तर यूडीएच असलेली घ्यावी. माझ्या लेखी ते बारा गिअरपेक्षा मोठं कारण आहे.

वाटांबद्दल एवढंच. दक्षिणेला तुंगारेश्वर अभयारण्य आहे, तिथे वन विभागाची परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये. बाकी वाटा कोणाच्या तरी घरासमोरून, खळ्याशेजारून, भाताच्या बांधावरून जातात. कापणीच्या दिवसांत बांधावरून चाक घालू नये. पाड्यातून जाताना उतरून चालावं. जव्हार-विक्रमगडकडे मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकली याच रस्त्यांवर रोज धावतात, गिअर नसलेल्या, मागे दप्तर आणि कधी मैत्रीण बसलेली. त्यांना वाट द्यायची असते.

आता पावसाळा सरतो आहे, चिखल वाळून वाटा घट्ट होत आहेत आणि दुकानदार हिवाळ्याची ऑर्डर देत असतात. पालघर, बोईसर, डहाणूतल्या सायकलवाल्यांनी हीच वेळ साधून मिळून एकच यादी द्यावी: चार-पाच जणांची मापं, सगळ्यांना एकाच आट्यांचा धुरा, एकाच जातीचे ब्रेकपॅड, एकाच रुंदीची चेन. एका सायकलीसाठी आयातदार फोन उचलत नाही, पाचांसाठी उचलतो. आणि पाच सारख्या सायकली गावात आल्या की त्यांचे पॅड, चेन आणि दोन हँगर काचेच्या कपाटात ठेवायला इथल्याच मिस्त्रीला कारण मिळतं.